वरळीच्या बीडीडी चाळी: पत्ता तोच, वाटा नव्या



आपल्यापैकी बऱ्याच जणांचा कुणी ना कुणी नातेवाईक बीडीडी चाळीत राहिलेला असतो. माझी मावशी वरळीला होती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे तिच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत दाटीवाटीने झोपायचो. आता तिथे चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. "नेमके कुठे? आणि जायचे कसे?" असे मंडळाच्या कार्यक्रमात बरेच जण विचारतात, म्हणून हा लेख.

आधी थोडे मागे जाऊ. १९२० साली मुंबई सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले, त्याची आद्याक्षरे म्हणजे बीडीडी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. गंमत म्हणजे सुरुवातीला वरळीच्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या! गिरण्या लांब, बाजार लांब, ट्राम-गाडीची सोय नाही, मग गिरणी कामगार तिथे कशाला जाईल? पाळीनंतर त्याला चालतच घरी यायचे असे. पुढे वस्ती वाढली, बस आली आणि जांबोरी मैदानाभोवती एक गावच वसले.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी कचेऱ्या, मॉल, टॉवर आले. एके काळी आडबाजूची म्हणून नाकारलेली ही जमीन शहरातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी एक झाली. पुनर्विकासाचे सारे गणित याच गोष्टीवर उभे आहे. रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मोफत मिळते. त्याचा खर्च म्हाडा त्याच आवारात बांधायच्या विक्रीच्या घरांतून काढणार आहे. मुंबईच्या एखाद्या लांबच्या उपनगरात हे गणित जमले नसते. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्या गेल्या.

आता वाहतुकीकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. पश्चिमेला सी लिंक (२००९) आणि मार्च २०२४ मध्ये सुरू झालेला कोस्टल रोड. या रस्त्याने मरीन ड्राइव्ह आता मोटारीने अगदी थोड्या मिनिटांवर आले आहे. विक्रीच्या घरांच्या जाहिरातीत हेच पहिले असेल, यात शंका नको. पण या दोन्ही रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे. चाळीतल्या मुलाकडे असते ती स्कूटर किंवा मोटारसायकल. म्हणजे रस्ता दाराशी आला तरी तो जुन्याच वाटेने वरळी नाक्यावरून जाणार.

मेट्रो-३ मात्र सर्वांची. आरे ते कफ परेड या भुयारी मार्गावर वरळी आणि आचार्य अत्रे चौक ही दोन स्थानके या भागात आली. मे २०२५ मध्ये गाडी अत्रे चौकापर्यंत पोहोचली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. ज्या भागाला स्वतःचे रेल्वे स्टेशन कधीच नव्हते, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट! लोअर परळ किंवा करी रोडला उतरून पुढे बस धरायची किंवा सरळ चालत सुटायचे, हे आपण सर्वांनी केले आहे. आता वरळीहून सिद्धिविनायक पुढचेच स्थानक, आणि त्यानंतर दादर. विमानतळाच्या टर्मिनल २ लाही याच मार्गावर स्थानक आहे. अर्थात आपल्या दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन मेट्रोत शिरायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे!

पूर्वेकडे जाणे मात्र तूर्त अवघड झाले आहे. वरळी-शिवडी उन्नत मार्ग पुढे अटल सेतूला जोडायचा आहे. त्यासाठी प्रभादेवी स्टेशनजवळचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. परळचे केईएम आणि टाटा रुग्णालय रुळांच्या पलीकडे आहेत. तिथे नेहमी जाणाऱ्या वृद्धांना नवा पूल होईपर्यंत वळसा पडतो.

मावशीला मी फोनवर विचारले, नवे घर कसे वाटते? ती म्हणाली, "घर छान आहे रे. पण पूर्वी जिना उतरले की बस दिसायची. आता आधी लिफ्टची वाट बघायची, मग बसची." तिच्या बसची फेरी कमी होऊ नये, एवढीच तिची इच्छा. कोस्टल रोड तिने फक्त टीव्हीवर पाहिला आहे.

या हिवाळ्यात मुंबईला जाणार असाल तर अत्रे चौकाला उतरा आणि जांबोरी मैदानापर्यंत चालत जा. काही चाळी अजून उभ्या आहेत. मुलांना दाखवायच्या असतील तर फार उशीर करू नका.