बदललेल्या गाडीची वही : वऱ्हाडच्या उन्हात जुन्या वेगवान मोटारीची घरगुती देखभाल

मोटार कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्यासोबत एक पुस्तिका दिलेली असते आणि तेल किती भरावे, टायरमध्ये हवा किती ठेवावी, टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलावा, या प्रश्नांची उत्तरे तिच्यात असतात. त्या उत्तरांमागे कारखान्याने घेतलेल्या चाचण्या असतात, शिवाय इंजिन, रेडिएटर, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचा परस्परांशी जमवलेला मेळही असतो. मालकाने यातला एक भाग बदलला की पुस्तिकेची काही पाने गैरलागू होतात आणि दहा भाग बदललेल्या गाडीला पुस्तिका उरतच नाही. अशा गाडीची नवी पुस्तिका मालकालाच लिहावी लागते. अमरावती-अकोल्याकडे तर तिच्यात इंजिनाइतकाच मजकूर ऊन, पाणी, माती आणि रस्ता यांच्याविषयी असावा लागतो.

बदल म्हणजे काय

भारतात वेगाच्या हौसेला परवडणाऱ्या मोटारी मिळू लागल्या त्या मुख्यतः १९९० नंतर. मारुतीची झेन १९९३ मध्ये आणि एस्टीम १९९४ मध्ये आली. २००० साली होंडा सिटीचे व्हीटेक इंजिन आले आणि २००१ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पालिओ १.६ सुमारे शंभर अश्वशक्तीची म्हणून नावाजली गेली. या गाड्या वजनाने हलक्या होत्या, त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक गुंतागुंत कमी होती आणि सुटे भागही सहज मिळत, त्यामुळे फेरफार करणाऱ्यांनी त्या जवळ केल्या. एमएच-२७ अमरावतीची असो की एमएच-३० अकोल्याची, यांपैकी जी गाडी आजही रस्त्यावर आहे तिचे वय वीस वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे.

बदलाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. झेनचे ९९३ सीसीचे आणि एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन सुझुकीच्या एकाच ‘जी’ घराण्यातले असल्यामुळे झेनच्या अंगात एस्टीमचे इंजिन बसवणे हा हौशी मंडळींचा आवडता बदल होता. झेनची मूळ शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती, तर १९९९ नंतरच्या एस्टीमची सुमारे ८५. इंजिन बदलल्याने गाडीची धाव वाढते, पण रेडिएटर, ब्रेकच्या चकत्या, इंजिनाचे रबरी माउंट आणि चाकांपर्यंत शक्ती नेणारे शाफ्ट झेनचेच राहिले, तर पन्नास अश्वशक्तीसाठी घडवलेल्या अवयवांवर पंच्याऐंशीचा भार पडतो. बदललेल्या गाडीतले बहुतेक बिघाड नव्या भागात होत नाहीत. ते त्याच्या शेजारच्या, न बदललेल्या भागात होतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोन याद्या शेजारी शेजारी हव्यात : एक काय बदलले याची, दुसरी त्या बदलामुळे ताण कोणावर आला याची.

ऊन आणि खारे पाणी

अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि काही वर्षी तो ४७ अंशांपर्यंतही पोहोचला आहे. या उन्हाचा मार दुहेरी असतो. तापलेली हवा विरळ असते, म्हणून १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांच्या हवेत त्याच आकारमानात सुमारे नऊ टक्के प्राणवायू कमी भरतो आणि इंजिनाची ओढ तेवढी मंदावते. शिवाय रेडिएटर व बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक घटल्यामुळे उष्णता बाहेर पडण्याचा वेगही उतरतो. मूळ एअर फिल्टरची पेटी काढून बॉनेटखाली उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला, तर तो इंजिनाभोवतीची तापलेली हवाच ओढत राहतो. अशा फिल्टरला बंपरजवळून थंड हवेची नळी आणि इंजिनाच्या बाजूने पत्र्याचा आडोसा नसेल, तर वऱ्हाडात तो बदल नुकसानीचाच ठरतो.

पाण्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा शेतकऱ्यांना परिचित आहे, पण बोअरचे तेच खारे पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते तेव्हा त्याचा परिणाम लवकर दिसत नाही. क्षार गरम धातूवर थर धरतात, इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड आतून कुरतडले जाते आणि वॉटर पंपाची पाती झिजतात. या भागातला पहिला नियम म्हणूनच असा की रेडिएटरमध्ये ऊर्ध्वपातित म्हणजे बॅटरीत घालतात तसले डिस्टिल्ड वॉटर आणि चांगल्या प्रतीचे कूलंट यांचेच मिश्रण भरावे. वऱ्हाडात पाणी गोठण्याची भीती नसली तरी कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये येथे अत्यावश्यक आहेत आणि ती काही वर्षांत संपतात, त्यामुळे कूलंट बदलल्याची तारीख वहीत नोंदवावी.

रेडिएटरचे झाकण हा स्वस्त, पण फार मोलाचा भाग आहे. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर ते बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार अधिक दाब आत धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते. झाकणाची रबरी चकती कडक झाली की ही अठरा अंशांची उसंत नाहीशी होते आणि गाडी गरम होण्याचे कारण मात्र इंजिनात शोधले जाते. इंजिन तापलेले असताना हे झाकण कधीही उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते पाणी अंगावर उसळते.

कापसाच्या हंगामात आणखी एक पथ्य येते. जिनिंगच्या परिसरात हवेत उडणारे तंतू आणि काळ्या मातीची धूळ रेडिएटरच्या पातळ पंखांत अडकून त्यांचा नमदा बनतो. तो बाहेरून दिसत नाही, कारण अनेकदा एसीचे कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असते. म्हणून दोन्हींमधली फट उजेडात पाहावी आणि हलक्या दाबाचे पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने सोडून ती स्वच्छ करावी.

इंजिनाची नाडी

घरी करता येण्याजोगी सर्वांत उपयुक्त परीक्षा कॉम्प्रेशनची होय. इंजिन कोमट असताना चारही स्पार्क प्लग काढावेत, इंधन आणि ठिणगी यांचा पुरवठा बंद करावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्लगच्या भोकात दाबमापक बसवून स्टार्टरने इंजिन फिरवावे. निरोगी पेट्रोल इंजिनात आकडा साधारणपणे प्रति चौरस सेंटिमीटर ११ ते १३ किलो येतो, परंतु आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला सारखेपणा महत्त्वाचा असतो आणि फरक एक किलोच्या आत राहणे चांगले. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे : आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली; आकडा जागचा हलला नाही तर वाल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलेले आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर त्यांच्यामधल्या पट्टीत गॅस्केट फाटल्याचा संशय बळावतो आणि तेलाच्या झाकणाखाली दुधट साय, रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर दिसल्यास तो पक्का होतो.

काढलेल्या प्लगचे टोकही वाचावे. फिकट तपकिरी रंग ज्वलन योग्य असल्याचा, कोरडी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याचा, ओलसर तेलकटपणा इंजिन ऑइल जळत असल्याचा, तर पांढुरका भाजलेला रंग मिश्रण विरळ झाल्याचा किंवा उष्णता हाताबाहेर गेल्याचा पुरावा होय. चारही प्लग क्रमाने कागदावर मांडून त्यांचे छायाचित्र वहीत लावले, तर पुढच्या वर्षी तुलना करता येते.

हेड उघडण्याची वेळ आली तर टॉर्क पान्याशिवाय कामाला हात घालू नये. हा पाना बोल्ट किती जोराने आवळला गेला ते दाखवतो, आणि ॲल्युमिनियममध्ये अंदाजाने आवळलेल्या बोल्टमुळे आटे मरतात. हेडचे बोल्ट सोडताना कडेकडून मध्याकडे आणि आवळताना मध्यापासून कडेकडे, तेही तीन-चार टप्प्यांत यावे, अन्यथा हेड वाकते. वाकलेल्या हेडचे फेसिंग हे घरचे काम नाही. टायमिंग बेल्टच्या बाबतीत तर किलोमीटरइतकेच वय मोजावे. उष्णतेने रबर आतून जून होते आणि ज्या इंजिनांत पिस्टन व वाल्व्ह यांची वाट एकमेकांना छेदते, तेथे बेल्ट तुटताच वाल्व्ह वाकतात. जुनी गाडी विकत घेतल्यावर बेल्टची पावती मिळाली नाही, तर तो बदलायचाच आहे असे समजावे.

पेट्रोल बदलले, गाडी तीच

वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट पुरते, त्यामुळे ई-२० साठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. ज्या गाडीच्या सायलेन्सरमार्गात ऑक्सिजन सेन्सर आहे, तिचा संगणक पेट्रोलचे प्रमाण काही अंशी वाढवून घेतो. कार्ब्युरेटरची गाडी मात्र जुन्याच मापाने पेट्रोल देत राहते, मिश्रण विरळ होते आणि मे महिन्याच्या उन्हात इंजिन अधिकच तापते. अशा गाडीच्या कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट जाणकाराकडून बदलून घ्यावा. इथेनॉलमुळे पेट्रोलची नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता वाढते, ही त्याची जमेची बाजू. पण जुन्या रबरी नळ्या, ओ-रिंगा आणि गाडीतल्या इंधनपंपाचे पडदे त्याने फुगतात किंवा चिरतात, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ते हवेतले बाष्प शोषते. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या एकदा इथेनॉल-सहनशील प्रतीच्या घालाव्यात. पेट्रोलच्या वासाकडे दुर्लक्ष करू नये आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असल्याशिवाय हे काम सुरू करू नये.

रस्ता, घाट आणि टायर

अमरावती ते अकोला या मार्गावर लोणी ते माना हे एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. अमरावती जिल्ह्यातून जाणाऱ्या या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. गावाकडचे रस्ते मात्र काळ्या मातीवरचे आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे वरचा रस्ता लाटांसारखा होतो. कडक स्प्रिंग लावून जमिनीशी टेकवलेली गाडी या लाटांवर ऑइल पॅन फोडून घेते. सस्पेन्शन बदलताना पॅनखाली जाड पत्र्याचे संरक्षण आणि पुरेशी उंची राखणे हे येथे सौंदर्यापेक्षा मोठे.

वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते आणि थांबताना ती सगळी ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने उतरते. परतवाड्याहून सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याला जाऊन घाट उतरताना याची परीक्षा होते. डॉट-३ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते बाष्प शोषत असल्याने मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जाते. शक्ती वाढवलेल्या गाडीचे ब्रेक ऑइल दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. टायरमधील हवा पहाटे, गाडी चालवण्याआधी मोजावी. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे त्याचे वय सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने, कडक झालेले टायर तापलेल्या महामार्गावर नेऊ नयेत.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी संचासारखे इंधनबदल विहित अटींवर करता येतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. झेनमध्ये एस्टीमचे इंजिन हा बदल या मनाईत येतो. तशी गाडी बंदिस्त स्पर्धामार्गावरच चालवावी आणि तेथेही ट्रेलरवर न्यावी. रस्त्यावरच्या गाडीत फेरफाराची हौस उत्तम प्रतीचे ब्रेक पॅड, निर्दोष शीतकरण आणि चांगले टायर यांपुरती ठेवली तरी ती पुरी होते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणीही होते, तेव्हा काढून ठेवलेले मूळ भाग भंगारात देऊ नयेत. निकामी तेलही अंगणात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. आधीच खाऱ्या झालेल्या भूजलावर तो आणखी एक अन्याय होईल.

वही

घरच्या कामाची शिस्त थोडक्यात सांगता येते : उन्हाळ्यात काम सकाळी, गाडी जॅकवर न ठेवता मजबूत लोखंडी स्टँडवर, इंजिन चालू असेल तर खोलीची दारे उघडी, आणि एका वेळी एकच बदल. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण किंवा दोष कोणाचा हे कळत नाही. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, भागाचा क्रमांक, कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि तापमापकाच्या काट्याची उन्हाळी व हिवाळी जागा वहीत लिहिली, तर दोन वर्षांत त्या गाडीची खरी पुस्तिका तयार होते. गाडी उद्या दुसऱ्या हाती गेली किंवा गावातल्या मिस्त्रीच्या स्वाधीन करावी लागली, तर या वहीएवढी मोलाची वस्तू तिच्यासोबत देता येणार नाही. ज्यांच्या अंगणात अशी एखादी जुनी गाडी उभी आहे, त्यांनी पुढचा सुटा भाग आणण्याआधी ती वही आणावी.