ऑपरेशननंतर लघवी अडतेय की घाईने लागतेय? गोळी घेण्याआधी ही तपासणी करा

खोकताना, शिंकताना लघवी गळायची म्हणून शस्त्रक्रिया केली. गळणे थांबले, पण आता लघवी सुटायला वेळ लागतो, धार बारीक झाली आहे किंवा तासातासाला स्वच्छतागृह गाठावे लागते. अशा वेळी पावले आधी औषधाच्या दुकानाकडे वळतात आणि गोंधळ तिथेच होतो.

शस्त्रक्रियेत काय होते?

मूत्रमार्गाखाली जाळीची अरुंद पट्टी, म्हणजे ‘स्लिंग’, बसवतात. स्वीडनचे डॉ. उल्फ उल्मस्टेन यांनी 1996 मध्ये ही पद्धत मांडली. भूल आणि सुजेमुळे सुरुवातीला लघवी अडली, तर ती बहुधा काही दिवसांत सुटते. पट्टी जास्त आवळली गेली असेल, तर मात्र नुसती वाट पाहून भागत नाही.

लगेच गोळी का नको?

वारंवार आणि घाईने लघवी लागण्याची कारणे दोन असू शकतात. मूत्राशय अतिक्रियाशील झालेले असते किंवा ते पूर्ण रिकामे न झाल्याने लवकर भरते. पहिल्या त्रासावरची गोळी मूत्राशयाचा स्नायू सैल करते. दुसऱ्या त्रासात तीच घेतली, तर लघवी आणखी तुंबू शकते. म्हणून आधी संसर्गासाठी लघवीची तपासणी आणि लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करून घ्यावी. आत किती लघवी उरली, हे त्यात कळते.

बरीच उरत असेल तर काही दिवस नळी ठेवतात किंवा दिवसातून ठरावीक वेळा स्वतः नळी घालायला शिकवतात. ऐकायला भीती वाटते, पण बहुतेकींना ते जमते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पट्टी सैल करता येते, नंतर ती कापावी लागते. कापल्यावर काहींचे गळणे परत सुरू होते, हे आधीच विचारून घ्यावे.

मूत्राशय नीट रिकामे होत असेल तर दोन खेपांमधले अंतर हळूहळू वाढवणे, चहा-कॉफी कमी करणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेली गोळी, असा क्रम असतो. मार्केट यार्डात जायचे म्हणून सकाळपासून पाणीच न पिणे हा उपाय नव्हे. गडद लघवीने जळजळ वाढते.

दाखवायचे कुठे?

शक्यतो शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच. ते शक्य नसेल तर युरोलॉजिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना. विमाधारक कामगार महिलांसाठी बिबवेवाडीत ईएसआय रुग्णालय आहे. कुठेही गेले तरी डिस्चार्ज कार्ड सोबत हवे; कोणती पट्टी आणि कोणत्या बाजूने बसवली, हे त्यावरूनच कळते.

लघवी अजिबात न होणे, ओटीपोट फुगणे, थंडी वाजून ताप किंवा लघवीत रक्त दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अंगावरून वेगळा स्राव किंवा संबंधांच्या वेळी टोचणे हे वर्षांनंतरही जाळी उघडी पडल्याचे लक्षण असू शकते. अशा तक्रारी वाढल्यानंतर ब्रिटनने 2018 मध्ये या पट्ट्यांचा वापर स्थगित केला होता.