चहाचा कप ओठांपर्यंत पोहोचतो कसा?

एक साधी हालचाल, पण तिच्यामागे मेंदू, मज्जारज्जू आणि स्नायू यांचा केवढा मोठा संसार! हा संसार कसा चालतो आणि तो बिघडू लागल्याच्या खुणा घरातल्या माणसांनी कशा ओळखायच्या?

सकाळची वेळ. आजोबा वर्तमानपत्र वाचता वाचता चहाचा कप उचलतात. नजर बातमीवर, तरी हात बरोबर कपाच्या कानाशी जातो. इतकी वर्षे असेच चालत आले आहे. पण हल्ली कप बशीवर खुळखुळतो. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. ‘वय झाले, चालायचेच,’ असे म्हणून घर आपल्या कामाला लागते.

खरोखरच वय झाले म्हणून असे होते का? हे समजण्यासाठी आधी कप उचलला कसा जातो, ते पाहायला हवे.

हुकूम कोण सोडतो?

कप उचलायचा बेत मेंदूच्या पुढच्या भागात ठरतो. प्रत्यक्ष हुकूम सुटतो तो त्याच्या मागे, कानापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत पसरलेल्या एका अरुंद पट्ट्यातून. कॅनडातील माँट्रियल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, त्यामुळे रुग्ण जागा असे. मेंदूच्या एकेका जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला की कधी बोट हले, कधी ओठ. यातून तयार झालेला नकाशा १९३७ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की पाठ आणि पोट यांच्या वाट्याला या पट्ट्यात जेमतेम जागा, तर हाताची बोटे, ओठ आणि जीभ यांच्या वाट्याला ऐसपैस. जिथे नाजूक काम, तिथे कारकून जास्त!

हुकूम खाली येताना मानेच्या वरच्या टोकाशी बहुतेक तंतू बाजू बदलतात. म्हणून उजव्या हाताची सूत्रे डाव्या मेंदूकडे असतात. पुढे मज्जारज्जूतून निघालेला दुसरा तंतू तो निरोप स्नायूपर्यंत नेतो. तिथे एक रसायन पाझरते आणि स्नायू आकुंचन पावतो. हे सारे निमिषार्धात घडते.

तव्याचा चटका

प्रत्येक वेळी मेंदूची परवानगी लागतेच असे नाही. पोळी उलटताना तव्याचा चटका बसला, की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं!’ नंतर निघते. कारण चटक्याची वर्दी मज्जारज्जूत पोहोचताच तेथूनच हात मागे घेण्याचा हुकूम सुटतो. मेंदूला वेदना कळते ती त्यानंतर.

लहान मेंदूचे मोठे काम

कप जड आहे की रिकामा, हात कुठवर आला, कुठे थांबायचे, हा हिशेब डोक्याच्या मागे असलेला लहान मेंदू ठेवतो. आकाराने तो संपूर्ण मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच. पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी त्याच्यात असतात. सायकल चालवणे, पेटी वाजवणे, पोळी गोल लाटणे हे सरावाने अंगवळणी पडते ते मुख्यतः त्याच्यामुळे. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, यामागेही तोच आहे. आपल्या हालचालीचा परिणाम काय होणार, याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो.

डोपामिनचा तुटवडा

आता पुन्हा आजोबांकडे वळू. हालचाल सहज सुरू व्हावी, योग्य जोमाने व्हावी, यासाठी मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रे काम करतात. त्यांना डोपामिन हे रसायन लागते. ते बनवणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या की कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार होतो. बऱ्याच पेशी गेल्यावरच लक्षणे ठळक दिसू लागतात.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, ते अवघ्या सहा रुग्णांवरून. त्यांपैकी काहींना तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिले होते! औषध सापडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकात डोपामिनचे महत्त्व दाखवून दिले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले आणि खिळून बसलेली माणसे चालू लागली. हेच द्रव्य आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांतही असते. मात्र म्हणून घरच्या घरी चूर्ण घेणे धोक्याचे. मात्रा चुकली तर अपाय होतो.

घरच्यांनी काय पाहावे?

अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, आवाज क्षीण होणे, चेहरा निर्विकार दिसणे, वास न येणे आणि स्वस्थ बसल्यावर हाताला कंप सुटणे, अशा खुणा आढळल्या तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. प्रत्येक कंप म्हणजे पार्किन्सन्स नव्हे. थायरॉइडच्या विकाराने किंवा काही औषधांनीही हात थरथरतो. आजार मुळापासून बरा होत नसला, तरी औषधे आणि नियमित व्यायाम यांनी अनेक वर्षे चांगली जातात. औषध मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

पण तोंड अचानक वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणण्याची सोय नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही तपासणीनंतर. म्हणून लगेच मोठे रुग्णालय गाठावे.

आणि आजोबांचे काय? त्यांना घाई करू नये. बटणे लावायला पाच मिनिटे लागत असतील तर लागू द्यावीत. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, तर ओढू नये. समोरच्या फरशीची रेघ दाखवून ‘ही ओलांडा’ म्हणावे. पुष्कळदा पाऊल उचलले जाते. कप अर्धाच भरावा. चहा दोनदा द्यावा लागला, तर बिघडले कुठे?