शेगडीभोंवतीं खेळला जाणारा बेसबॉल

‘बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु अमेरिकेंतील बेसबॉलच्या शौकिनांची हिवाळ्यांतील स्थिति पाहिली म्हणजे ती त्यांच्यासाठींच कोणीं रचली असावी असें वाटूं लागतें. ऑक्टोबरच्या अखेरीस, फार तर नोव्हेंबरच्या आरंभीं, तेथील मोसम संपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मैदानें ओस पडतात. खेळ थांबतो, पण खेळाचें बोलणें थांबत नाहीं. पूर्वीं लहान गांवांतील दुकानांत मंडळी शेगडीभोंवतीं बसत आणि पुढील वर्षीं आपल्या संघानें कोणाला घ्यावें, कोणाला निरोप द्यावा, ह्याचा काथ्याकूट करीत. त्यावरून ह्या हिवाळी चर्चेस ‘हॉट स्टोव्ह लीग’, म्हणजे तापलेल्या शेगडीची स्पर्धा, असें नांव पडलें. आतां शेगड्या गेल्या. नांव राहिलें आणि वादहि राहिला.

हा वाद केवळ रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असें प्रथम आम्हांसहि वाटत असे. परंतु मिसिसिपी नदीच्या कांठच्या सेंट लुईस ह्या एका शहराचा इतिहास जरा बारकाईनें पाहतां, माणसाच्या कामाचें मोल कसें ठरवावें हा आपल्या घरांतहि नित्य निघणारा प्रश्नच तेथें चेंडूच्या निमित्तानें चर्चिला जातो, असें आमच्या ध्यानांत आलें.

वादाचे विषय मुख्यतः दोन: संघांत कोणाला ठेवावयाचें, आणि कोणासाठीं किती पैसा ओतावयाचा. पहिला विषय मार्च महिन्यांत विशेष रंगतो. वरिष्ठ श्रेणीच्या संघांत मोसमाच्या बहुतेक काळांत २६ खेळाडू ठेवतां येतात. २०२० सालापूर्वीं ही संख्या २५ होती. पहिल्या वीस-बावीस नांवांविषयीं सहसा कोणाचें दुमत नसतें. भांडण होतें तें शेवटच्या तीनचार जागांवरून. पंगतींत पक्वान्नाविषयीं एकमत व्हावें आणि कोशिंबिरीवरून तासभर वाद चालावा, तशांतलाच हा प्रकार! त्यांत नियमांची गुंतागुंत आणखी. तरुण खेळाडूला खालच्या श्रेणीच्या संघांत परत धाडण्याची मुभा साधारणतः तीन मोसमांपुरतीच असते. ती संपली म्हणजे त्याला खालीं पाठविण्यापूर्वीं इतर संघांस तो उचलूं द्यावा लागतो. ह्यामुळें पुष्कळदां कमी कुवतीचा खेळाडू केवळ हातचा जाईल ह्या भीतीनें वर राहतो, आणि अधिक गुणी मुलगा केवळ खालीं पाठवितां येतो म्हणून खालीं जातो. शौकिनांचा संताप होतो तो ह्याच ठिकाणीं, आणि तो अगदींच अस्थानीं असतो असें आम्हांस म्हणवत नाहीं.

कारण ह्या शेवटच्या जागेनें काय घडूं शकतें, ह्याचें उदाहरण सेंट लुईसच्याच ‘कार्डिनल्स’ संघांत आहे. १९९९ सालीं नव्या खेळाडूंच्या निवडींत ४०१ जणांची निवड होऊन गेल्यावर आल्बर्ट पुहोल्स ह्या तरुणाचें नांव पुकारलें गेलें. २००१ च्या वसंत ऋतूंत त्यानें सरावांत उत्तम खेळ केला, तरी त्याला आणखी कांहीं काळ खालच्या श्रेणींतच ठेवावें असा रंग दिसत होता. इतक्यांत बॉबी बोनिया नांवाच्या जुन्या खेळाडूच्या मांडीची शीर दुखावली आणि एक जागा मोकळी झाली. त्या जागीं पुहोल्स आला. त्यानें त्या वर्षीं ३७ होम रन मारले, सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळविला, आणि मग तो खालीं म्हणून गेलाच नाहीं.

आतां दुसरा विषय, पैशाचा. नव्या खेळाडूला पहिलीं साधारण तीन वर्षें संघ देईल तेवढेंच वेतन घ्यावें लागतें. २०२५ सालीं ह्या वेतनाची किमान मर्यादा ७ लक्ष ६० हजार डॉलर होती. पुढील तीन वर्षें लवादापुढें जाऊन वाढ मागतां येते. अशी सहा वर्षांची सेवा पुरी झाली म्हणजे करार संपतांच तो मुक्त होतो आणि वाटेल त्या संघाशीं स्वतः बोलणें करूं शकतो. आपल्याकडील आय. पी. एल. मध्यें खेळाडूचा लिलाव होतो व अधिक बोली लावणाऱ्याकडे त्याला जावें लागतें; येथें मात्र घर निवडण्याचा हक्क त्याचा असतो. हा हक्क हातीं येईपर्यंत त्याचें वय बहुधा तिशीच्या आसपास गेलेलें असतें. म्हणजे ऐन उमेदीचीं वर्षें संघाला स्वस्तांत मिळतात, आणि उतरणीचीं वर्षें महागांत घ्यावीं लागतात. सर्व वादाचें मूळ ह्या एका विसंगतींत आहे. मोठा पगार हा झालेल्या कामाचा मोबदला मानावयाचा, कीं व्हावयाच्या कामाची आगाऊ किंमत?

पण हा प्रश्न विचारण्याची सोय तरी केव्हां झाली? १८७९ पासून मालकांनीं खेळाडूंस आपल्याकडे राखून ठेवण्याची प्रथा पाडली होती. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा. मालकानें विकला तर जावयाचें, नाहीं तर घरीं बसावयाचें. कर्ट फ्लड हा कृष्णवर्णी खेळाडू सेंट लुईसकडून बारा वर्षें खेळला. मैदानाच्या मध्यभागीं लांबवर जाणारा चेंडू झेलण्यांत त्याच्या तोडीचे थोडे. त्या कौशल्याबद्दल त्याला सात वर्षें सुवर्ण हातमोज्याचा मान मिळाला होता. १९६९ च्या ऑक्टोबरमध्यें संघानें त्याला न विचारतां फिलाडेल्फियाच्या संघास देऊन टाकलें. फ्लडनें बेसबॉलच्या प्रमुख अधिकाऱ्यास पत्र लिहून कळविलें कीं, आपण मनाविरुद्ध विकली किंवा विकत घेतली जाणारी चीजवस्तु नाहीं. त्याचें वेतन सालीना ९० हजार डॉलर होतें. इतका पैसा मिळविणाऱ्यानें दास्याची भाषा करावी हें पुष्कळांस रुचलें नाहीं. खटल्याच्या सुनावणीस त्या वेळीं खेळत असलेल्यांपैकीं एकहि खेळाडू येऊन बसला नाहीं. साक्षीस उभे राहिले ते जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग ह्यांच्यासारखे निवृत्त वीर. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं फ्लडच्या विरुद्ध निकाल दिला. त्याचा खेळ तर त्यापूर्वींच संपला होता.

फ्लड हरला, पण त्यानें उठविलेला प्रश्न बसला नाहीं. मार्व्हिन मिलर ह्यांच्या नेतृत्वाखालीं खेळाडूंची संघटना बलवान्‌ होत होती. २३ डिसेंबर १९७५ रोजीं पीटर साइट्झ ह्या लवादानें, करार न करितां एक मोसम खेळलेले अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली हे दोन पिचर मुक्त आहेत, असा निर्णय दिला आणि जवळजवळ शतकाचा पाश तुटला. आज शेगडीपाशीं बसून ‘ह्याला दहा वर्षें द्यावीं कीं पांच?’ असा वाद घालणारा प्रत्येक शौकीन नकळत फ्लडच्या जिवावर बोलत असतो.

आणि त्याच शहरांत, बरोबर बेचाळीस वर्षांनीं, हाच प्रश्न उलट्या बाजूनें उभा राहिला. पुहोल्सनें अकरा मोसमांत ४४५ होम रन मारले होते. तीन वेळां त्याला साखळींतील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरविण्यांत आलें होतें. २००६ सालीं व पुन्हां २०११ च्या ऑक्टोबरांत त्याच्या संघानें वर्ल्ड सीरीज जिंकली होती. विजयाचा गुलाल उडतो न उडतो तोंच त्याचा करार संपला. वय बत्तिशीच्या उंबरठ्यावर. घरोघर दोन तट पडले. एक तट म्हणे, ज्यानें दशकभर आपल्याला सुखाचे दिवस दाखविले त्याच्याशीं पैशापैशाचा हिशेब करणें हा कृतघ्नपणा आहे. त्यानें तरुणपणीं आपल्या योग्यतेहून कितीतरी कमी घेतलें, तें आतां भरून द्यावें. दुसरा म्हणे, कृतज्ञता मनांत ठेवावी, पुतळा उभारावा, परंतु एकेचाळीस वर्षांच्या पायांना आजच पैसे मोजूं नयेत. त्या एका पगारांत तीन चांगले गडी येतील.

आम्हांस विशेष गंमत वाटली ती ही, कीं दोन्हीं तटांतील मंडळी बोलत ती जणूं पैसा आपल्याच कपाटांतून काढावयाचा आहे अशा काळजीनें! मालकानें एका खेळाडूवर पैसा वांचविला म्हणून पुढल्या वर्षीं तिकीट स्वस्त झाल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. तरीहि शौकिनाची काळजी खोटी नसते. बेसबॉलमध्यें वेतनाच्या एकूण बेरजेवर पक्की मर्यादा नाहीं. मात्र ठराविक आंकडा ओलांडल्यास कर द्यावा लागतो, आणि २०२५ सालीं हा आंकडा २४ कोटी १० लक्ष डॉलर होता. बहुतेक मालक त्या रेषेच्या बरेंच अलीकडे थांबतात. मग एकावर उधळलेला पैसा दुसऱ्या चार ठिकाणीं कमी पडावयाचाच. एकत्र कुटुंबांत थोरल्याच्या परदेशगमनाचा खर्च धाकट्यांच्या शिक्षणावर पडतो, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

८ डिसेंबर २०११ रोजीं बातमी आली: पुहोल्स कॅलिफोर्नियांतील एंजल्स संघाकडे दहा वर्षांसाठीं, २४ कोटी डॉलरांवर चालला. सेंट लुईसमध्यें कोणी रडलें, कोणी रागावलें. पण पुढें काय झालें? नवीन संघांत त्याला पहिल्या वर्षीं ३० होम रन मिळाले. दुसऱ्या वर्षीं टांच दुखावून मोसम अर्ध्यांत सुटला. आणि हळूहळू जो एके काळीं सर्वांत भयंकर फलंदाज होता तो साधारण होत गेला. त्याच्या कारकीर्दींत एंजल्स अंतिम फेऱ्यांत एकदांच, २०१४ सालीं, पोहोंचले आणि तीन सामने हरून परतले. २०२१ च्या मे महिन्यांत, कराराचें शेवटचें वर्ष चालू असतां, त्यांनीं त्याला मोकळें केलें. उलट कार्डिनल्सना पुहोल्स गमावल्याच्या भरपाईदाखल नवोदितांच्या निवडींत जादा जागा मिळाल्या. त्यांपैकीं एकींतून २०१२ सालीं त्यांनीं मायकेल वाका हा तरुण पिचर घेतला, आणि २०१३ च्या ऑक्टोबरांत त्याच वाकानें नॅशनल लीगच्या अंतिम लढतींत सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवून संघास वर्ल्ड सीरीजपर्यंत नेलें.

म्हणजे हिशेबी तट जिंकला? आंकड्यांपुरता, होय. परंतु हें गणित सगळीकडे असेंच सुटत नाहीं. २०२४ च्या डिसेंबरमध्यें न्यू यॉर्कच्या मेट्स संघानें हुआन सोटो ह्यास पंधरा वर्षांसाठीं ७६ कोटी ५० लक्ष डॉलर कबूल केले. सोटो चांगला खेळला, तरी २०२५ सालीं संघ शेवटच्या दिवशीं अंतिम फेऱ्यांबाहेर राहिला. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनीं २०२३ सालीं शोहेई ओतानीशीं दहा वर्षांसाठीं ७० कोटींचा करार केला, त्यांतील ६८ कोटी मागाहून द्यावयाचे ठेवले, आणि २०२४ व २०२५ अशीं दोन्हीं वर्षें तेच अजिंक्य ठरले. मागाहून देण्याची ही युक्ति नवी नव्हे. ज्या बोनियाची शीर दुखावल्यानें पुहोल्सला जागा मिळाली, त्याला मेट्सनीं २००० सालीं ५९ लक्ष डॉलर देणें असतां ते सव्याज पुढें ढकलले. त्यामुळें २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैस ११ लक्ष ९३ हजार २४८ डॉलर त्याला पोंचावयाचे आहेत. त्याचा शेवटचा सामना २००१ सालींच झाला! न्यू यॉर्कचे शौकीन हा दिवस दरवर्षीं थट्टेनें साजरा करतात.

पुहोल्स पाहुण्या संघाचा गडी म्हणून सेंट लुईसला आला तो २०१९ च्या जूनमध्यें. आठ वर्षांपूर्वीं ज्यांनीं दोन तट करून त्याच्या किंमतीवर तोंडें वाजविलीं होतीं, तीं सगळीं माणसें त्या दिवशीं उभीं राहून टाळ्या वाजवीत होतीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें त्यांच्याच संघाविरुद्ध होम रन मारला, तेव्हांहि टाळ्या थांबेनात; शेवटीं त्याला बाहेर येऊन टोपी उंचावावी लागली. २०२२ सालीं, बेचाळिसाव्या वर्षीं, तो २५ लक्ष डॉलरांवर एका वर्षासाठीं घरीं परतला. त्या वर्षीं त्याचे २४ होम रन झाले, आणि सातशेंचा आंकडा ओलांडून ७०३ वर तो थांबला. इतकी मजल त्यापूर्वीं तिघांनींच मारली होती.

त्याच हिवाळ्यांत शेगडी पुन्हां पेटली. पुहोल्सबरोबरच जुना कॅचर यादिएर मोलिना निवृत्त झाला होता, आणि त्याच्या जागीं विल्सन कॉन्ट्रेरास ह्यास पांच वर्षांसाठीं ८ कोटी ७५ लक्ष डॉलर देऊन आणण्यांत आलें. इतके कां दिले, आणि इतक्या उशिरां कां दिले, असे दोन तट लगेच पडले. मेमध्यें संघच्या संघ गडगडूं लागला तेव्हां चालकांनीं ह्याच महागड्या कॅचरला कांहीं दिवस त्या जागेवरून बाजूस केलें; मग काय विचारतां!