लंडनचा मुलगा घरी किती तासांत पोचतो?

गावोगावची मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जातात. घरात वडीलधारे कुणी अत्यवस्थ झाले, की पहिला प्रश्न निघतो, "पोरगा केव्हा पोचेल?" कुणीतरी सांगतो, "विमानाला नऊ तास." मंडळी त्या नऊ तासांवर विसंबतात आणि रात्र उलटली तरी मुलाचा पत्ता नसतो. म्हणून वाचकहो, हा हिशेब एकदा नीट समजून घ्या. उदाहरण मुंबई-लंडनचे घेऊ.

या दोन शहरांतले सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून हे मोजायचे नाही. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. पट्टीची रेघ इराक-सीरियाच्या बाजूने जाते, दोरा मात्र उत्तरेला सरकून कॅस्पियन समुद्राकडेने जातो. जवळची वाट दोऱ्याची.

मोठे जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. म्हणजे आठ तास झाले. पण उंच आभाळात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. शिवाय दुसऱ्या देशाच्या आकाशातून जायला त्याची परवानगी लागते. २०१९ साली फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद केले. अशा वेळी वळसा पडतो. एरवी जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना साधारण नऊ तास धरावेत. (८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघाले, ते कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोचले होते!)

तिकिटावरच्या वेळा पाहून गोंधळू नका. त्या त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार तास. डिसेंबरात सकाळी दहाला तिकडून निघालेले विमान आपल्याकडे रात्री साडेबाराच्या सुमारास उतरते. तिकिटावर साडेचौदा तास दिसतात, प्रवास नऊच तासांचा.

आता खरा हिशेब. समजा, गाव साताऱ्याकडचे आहे. मुलाला घरून विमानतळावर यायला दोन तास, उड्डाणाआधी तीन तास हजेरी, विमानात नऊ, मुंबईत पासपोर्ट आणि सामानाचे दीड-दोन, पुढे गाडीने पाच-सहा. एकवीस-बावीस तास झाले, आणि हे सगळे त्याच दिवशीचे तिकीट मिळाले तर. थेट विमानात जागा नसली, तर दुबई किंवा दोहाला विमान बदलावे लागते, त्यात आणखी चार-सहा तास सहज जातात.

दुसरी अडचण कागदपत्रांची. मुलाने ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर भारतात यायला त्याला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. ते हाताशी नसेल, तर विमान असूनही चढता येत नाही. हे त्याला आजच फोनवर विचारा. आणि आजारपण वाढते आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की "उगाच पोराला काळजी नको" म्हणून लपवीत बसू नका. एक दिवस त्याला वाटेतच लागणार आहे.