तारिकच्या डोंगरावरील शिबंदी

भूमध्य समुद्र जेथे संपतो आणि अटलांटिक महासागर जेथे सुरू होतो, त्या अरुंद जलमार्गाच्या उत्तर तीरावर, स्पेनच्या भूमीशी वाळूच्या एका सखल पट्टीने जेमतेम जोडलेला, पूर्वेस ताशीव कड्याने समुद्रात कोसळणारा आणि पश्चिमेस उताराउताराने नगरात येऊन मिळणारा जो करड्या चुनखडकाचा डोंगर उभा आहे, त्याचे नाव आपण शाळेच्या भूगोलात जिब्राल्टर असे घोकलेले असते. परंतु त्या नावाच्या पोटी ‘जबल तारिक’, म्हणजे तारिकचा डोंगर, हे अरबी शब्द आहेत, आणि इ. स. ७११ मध्ये आफ्रिकेतून फौज घेऊन येथे उतरलेल्या तारिक इब्न झियाद या सेनापतीची ती स्मृती आहे. डोंगराची उंची ४२६ मीटर. सह्याद्रीच्या मापाने ती फार नव्हे. पण पायथ्याशी थेट समुद्र असल्यामुळे मीटर न् मीटर डोळ्यांत भरतो. सारा मुलूख सात चौरस किलोमीटरांहूनही कमी, म्हणजे अवघ्या माथेरानएवढा, आणि त्यात सुमारे ३४ हजार माणसे, एक विमानतळ, एक बंदर, आणि वर माथ्यावर राखीव अरण्य.

आपल्याकडे विजयदुर्गाला ‘पूर्वेकडील जिब्राल्टर’ म्हणण्याची जुनी चाल आहे. त्या किल्ल्याच्या तटावर उभे राहून हे बिरुद ज्याने ऐकले, त्याला पश्चिमेकडील मूळ जिब्राल्टर एकदा डोळ्यांनी पाहावे असे वाटले तर ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. मी गेलो तो किल्ला पाहण्याच्या हेतूने. माकडे तेथे आहेत हे ठाऊक होते, पण ती किल्ल्याच्या इतिहासाचाच एक अध्याय असतील अशी कल्पना नव्हती.

डोंगरावर जाण्यास मोटारीचा रस्ता आहे. परंतु ज्याचे पाय धड आहेत त्याने दक्षिणेकडील ज्यूज गेटापासून निघणारी, लष्कराने पूर्वेकडील कड्यात बांधून काढलेली ‘मेडिटरेनियन स्टेप्स’ ही पायवाट धरावी. प्रथम रानऑलिव्हच्या दाट झुडपांतून, मग उघड्या कड्याच्या कडेने, उजवीकडे खाली निळा समुद्र आणि डावीकडे खडकाची भिंत ठेवून ती वाट नागमोडी चढत ओ’हारा तोफखान्यापर्यंत जाते. तेथे ९.२ इंची तोफ अद्याप समुद्रावर नजर लावून उभी आहे. पूर्वेचा वारा सुटला की त्याला तेथे ‘लेव्हांटर’ म्हणतात, आणि तो कड्याला थडकून वर चढताना माथ्यावर ढगाचा एक पांढरा पदर पश्चिमेकडे पसरतो. मी गेलो त्या दिवशी तो पदर होता, खालचे नगर सावलीत होते आणि पलीकडे आफ्रिकेचा जबल मूसा उन्हात झळकत होता. ग्रीकांनी ज्यांना हेराक्लिसचे स्तंभ म्हटले त्यांपैकी एकावर आपण उभे आहोत आणि दुसरा समोर आहे, हे कळायला नकाशा लागत नाही. याच सामुद्रधुनीतून जुलै १९१० मध्ये कैदेतील सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ ही बोट मार्सेलिसकडे गेली होती, हे तेथे उभे असताना मराठी माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

माकडे भेटली ती त्या माथ्याच्या कठड्यावर. एक थोराड नर पोटाशी पिल्लू धरून बसला होता, आणि दुसरा एक नर जवळ येऊन त्या पिल्लाकडे तोंड करून दात वाजवीत होता. मादीचे काम नर का करतो असे प्रथम वाटले. परंतु या जातीत नरांनी पिल्ले सांभाळणे, इतकेच नव्हे तर दोन नरांनी आपसांतील तेढ निवविण्यासाठी पिल्लू मध्ये घेणे, हा नित्याचा व्यवहार आहे, असे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. या माकडांना शेपटी नाही; तिच्या जागी नुसता एक कोंब असतो. या एकाच कारणाने इंग्रजीत त्यांना चिंपांझी-गोरिलासारख्या बिनशेपटीच्या महाकपींचेच नाव चिकटले, आणि आजही ते चालते. वस्तुतः ती माकडेच. आपल्या भाषेने काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर निराळा आणि तांबूस तोंडाचे माकड निराळे असा भेद फार पूर्वीच केलेला आहे, आणि त्या भेदानुसार जिब्राल्टरचा हा प्राणी निःसंशय माकडांच्या पंक्तीस बसतो. माथेरानच्या आणि महाबळेश्वरच्या माकडांचा तो सख्ख्या कुळीतला भाऊ होय: त्यांचे ‘मकाका’ हे प्रजातिनाम एकच. त्या प्रजातीत वीसहून अधिक जाती आहेत, त्या एक सोडून सर्व आशिया खंडात. आशियाबाहेर राहणारी जात एवढीच, आणि मनुष्य वगळता युरोपात मोकळेपणी राहणारा नरवानरगणातील प्राणीही एवढाच.

तो येथे आला कोठून? सेंट मायकेलच्या गुहेत, जेथे समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर चुन्याच्या पाझरातून घडलेले स्तंभ देवळाच्या सभामंडपासारखे उभे आहेत, तेथे जुन्या काळी लोक सांगत की या गुहेतून समुद्राखालून आफ्रिकेपर्यंत भुयार जाते आणि माकडे त्या भुयारातून आली. दुसरा तर्क असा होता की, हिमयुगाच्या काळात ही जात युरोपभर पसरली होती, तिचे अवशेष अनेक देशांत सापडले आहेत, आणि जिब्राल्टरची माकडे ही तिची शेवटची उरलेली शाखा असावी. हा तर्क पुष्कळ दिवस टिकला. परंतु २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीने दाखवून दिले की आजच्या टोळ्यांचे मूळ मोरोक्को आणि अल्जीरिया या दोन्ही देशांत आहे, म्हणजे माणसांनीच त्यांना कधीतरी गलबतांतून आणले. केव्हा, हा प्रश्न इंग्रजांच्याही मागे जातो, कारण सतराव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश अमलात या गावाची हकीकत लिहिणाऱ्या अलोन्सो एर्नांदेस देल पोर्तिल्यो याने डोंगरावरच्या माकडांचा उल्लेख केला आहे.

इंग्रजांचा अंमल १७०४ साली आला. स्पेनच्या गादीच्या वारसाहक्काचे युद्ध चालू असता इंग्रज-डच आरमाराने डोंगर घेतला, आणि १७१३च्या उत्रेख्तच्या तहनाम्यात दहाव्या कलमान्वये तो इंग्लंडला कायमचा मिळाला. त्याच कलमात ज्यू आणि मूर यांना तेथे राहू देऊ नये अशी अट होती, आणि शेजारच्या मुलखाशी खुष्कीचा व्यापारही बंद केला होता. खडकावर धान्य पिकत नाही, पाणी पावसाचे. खुष्कीचा मार्ग बंद म्हटल्यावर रसद समुद्रापलीकडील मोरोक्कोतून आणणे भाग पडले. आणि ज्याच्याकडून भाजीपाला व गुरे घ्यावयाची त्याच्या व्यापाऱ्यांना दाराबाहेर ठेवता येत नाही, म्हणून ती अट अल्पावधीतच निकामी ठरली. ज्यूंची वस्ती तेथे आज आहे, मशीद आहे, आणि सुएझचा कालवा झाल्यानंतर सिंध-हैदराबादेहून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या वंशजांनी इंजिनियर लेनमध्ये बांधलेले हिंदू देवालयही आहे. दुर्गाच्या नियतीचे सूत्र रसदीत असते, ही गोष्ट आपल्या गडकऱ्यांना जशी ठाऊक होती तशीच ती या खडकाने शिकविलेली आहे.

तिचा कस १७७९ ते १७८३ या वेढ्यात लागला. इंग्रज अमेरिकेत गुंतले आहेत हे पाहून स्पेन आणि फ्रान्स यांनी जून १७७९ मध्ये डोंगर वेढला, आणि तो वेढा साडेतीन वर्षांहून अधिक चालला. त्याच वर्षाच्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे शस्त्रे ठेवली होती, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे त्या सत्तेवर एकाच वेळी किती दिशांनी दडपण होते याची कल्पना येते. किल्ल्याचा गव्हर्नर जॉर्ज ऑगस्टस एलियट हा मांस व मद्य वर्ज्य करणारा, थोड्या अन्नावर आणि थोड्या झोपेवर राहणारा करारी मनुष्य होता. शिबंदी उपासमारीने व स्कर्व्हीने झिजत असता रॉडनी, डार्बी आणि हौ या तीन आरमारी सरदारांनी तीन वेळा वेढा फोडून दाणागोटा आत पोहोचविला, म्हणूनच डोंगर वाचला. १३ सप्टेंबर १७८२ रोजी शत्रूने जाड लाकडाच्या दहा तरत्या तोफखान्यांनिशी समुद्राकडून निकराचा हल्ला केला. किल्ल्यावरून लालभडक तापविलेले गोळे त्यांच्यावर सोडण्यात आले आणि ते तोफखाने जळाले.

या वेढ्याने डोंगराला पहिला बोगदा दिला. उत्तर कड्यावर ‘नॉच’ नावाचा एक पुढे आलेला सुळका आहे. तेथे तोफ चढविल्यास खालचे मोर्चे आटोक्यात येतील, परंतु बाहेरून वाट नाही, म्हणून सार्जंट-मेजर हेन्री इन्स याने आतून सुरुंग लावीत जाण्याची कल्पना मांडली. काम २५ मे १७८२ रोजी सुरू झाले. आपल्याकडे मराठे व इंग्रज यांच्यातील सालबाईच्या तहावर सह्या होऊन त्या दिवशी बरोबर आठ दिवस लोटले होते. तेरा माणसांनी घण, पहार आणि दारू एवढ्या साधनांनिशी पाच आठवड्यांत ८२ फूट खडक कोरला. धुराने जीव कोंडू लागला म्हणून वाऱ्यासाठी कड्याला एक भोक पाडले, आणि ते पडताच लक्षात आले की नॉचपर्यंत जाण्याची वाट पाहावयास नको, येथेच तोफ बसते. मग झरोक्यामागून झरोका निघत गेला. त्या झरोक्यांपाशी आज उभे राहिले म्हणजे खाली विमानतळाची धावपट्टी दिसते. ती समुद्रात लांबविण्यासाठी जो दगड टाकला तो दुसऱ्या महायुद्धात याच डोंगराच्या पोटातून काढलेला. त्या युद्धात बोगद्यांचे जाळे इतके वाढले की आज त्यांची एकूण लांबी ५० किलोमीटरांहून अधिक भरते; नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेवरील मोहिमेची सूत्रे आयझेनहॉवरने तेथूनच हालविली.

माकडांची कथा येथे किल्ल्याच्या कथेत मिसळते. माकडे गेली की इंग्रजांचे राज्य जाईल अशी एक समजूत रूढ झाली होती. १९१५ पासून लष्कराने त्यांची जबाबदारी घेतली. त्यांच्यासाठी एक अंमलदार नेमला, त्यांच्या शिध्याचा खर्च सरकारी हिशेबात पडू लागला, जन्मलेल्या पिल्लांना नावे देऊन त्यांची नोंद ठेवण्यात येऊ लागली. थोडक्यात, ती शिबंदीत दाखल झाली. दुसऱ्या महायुद्धात त्यांची संख्या अगदी मोजकी उरली, तेव्हा खुद्द चर्चिलने ती भरून काढण्याचा हुकूम दिला आणि आफ्रिकेतून नवी माकडे आणविली. याच युद्धात, १९४० साली, जिब्राल्टरची तेरा हजारांवर माणसे, बायका, मुले आणि वृद्ध, प्रथम मोरोक्कोत आणि मग इंग्लंड, मदेइरा, जमैका अशी दूरदूर पाठविली गेली होती, आणि त्यांतील कित्येकांना युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षे घरी येता आले नाही. या दोन गोष्टी एकापुढे एक ठेवल्या की मनाला लागते. माकडांचा यात दोष नाही. त्यांना राज्याचे चिन्ह केले, आणि चिन्हाची काळजी घेणे माणसांची काळजी घेण्याहून सोपे असते.

तथापि लष्कराच्या अमलाचे एक फळ निर्विवाद चांगले आहे. जुन्या काळी सरपणाची तोड आणि शेळ्यांची चराई यांनी हा डोंगर उघडाबोडका झाला होता. शेळ्या हटल्या, वरचा भाग नागरिकांना बंद झाला, आणि हळूहळू झाडी परतली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी हीच गडाची राखण होय, तिच्यातील काठीही तोडू देऊ नये, असे जे बजावले आहे, त्याची येथे आठवण होते: दुर्ग राखण्यासाठी वन राखले जाते, आणि तोफा निकामी झाल्यावर वन मागे उरते. १९९३ साली डोंगराचा वरचा भाग संरक्षित अरण्य म्हणून जाहीर झाला. येथे राहणारी एक तित्तिराची जात मूळची आफ्रिकेकडची. वसंतात आणि शरदात घारी, मधुबाज आणि करकोचे यांचे थवे सामुद्रधुनी ओलांडताना याच माथ्यावरून जातात. पांढऱ्या-जांभळट फुलांची एक लहानशी वनस्पती नामशेष झाली असे मानले गेले होते. ती १९९४ साली एका दुर्गम कड्यावर पुन्हा सापडली, आणि आता तिचे बीज राखून रोपे वाढविली जातात.

पायथ्याच्या गोरहॅम गुहासमूहाला २०१६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याविषयी स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. एवढेच सांगतो की, ज्या निअँडरथल मानवाला जर्मनीतील एका खोऱ्याचे नाव मिळाले, त्याची कवटी त्या खोऱ्यातील शोधाच्या आठ वर्षे आधी, १८४८ मध्ये, जिब्राल्टरच्या फोर्ब्सच्या खाणीत सापडली होती; तिचे महत्त्व त्या वेळी कोणी ओळखले नाही.

उतरताना रस्त्याच्या वळणावर एका मोटारीच्या खिडकीतून कोणी हात बाहेर काढला, हातात बिस्किट होते, आणि चार माकडे टपावर चढली. पाचवे, एक लहान मादी, मागून येणाऱ्या मुलाच्या पिशवीला लोंबकळली. मूल भ्यायले, ओरडले, बापाने छत्री उगारली. लष्कराची देखरेख संपून नागरी व्यवस्था आली त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ झाला. माकडांना भाजीपाला आणि फळे रोज ठरल्या जागी दिली जातात, पशुवैद्य संततिनियमन करतात, आणि तरीही पाहुण्यांच्या हातचे गोड खाण्यासाठी टोळ्या रस्त्यावर आणि खाली नगरात उतरतात, कचरा उपसतात, चावतात. मोरोक्को आणि अल्जीरिया येथील त्यांच्या मूळ अरण्यांत ही जात आज संकटात आहे; तेथे पिल्ले पकडून विकली जातात. अशा दुर्मीळ प्राण्याला येथे रस्त्यावरचा याचक करणे हा त्याचा अपमान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभर वर्षांपूर्वी त्याला शिध्यावर घेतले ही पहिली चूक. ती आपण प्रत्येक बिस्किटाने नव्याने करतो.

जे वाचक तेथे जातील त्यांनी सकाळी लवकर पूर्वेच्या पायऱ्यांनी चढावे, पाणी जवळ ठेवावे, खाण्याचे पदार्थ पिशवीच्या तळाशी बांधून न्यावेत, कठड्यावर माकड बसले असेल तर चार हात दूर उभे राहून त्याला पाहावे. त्याला खाऊ घालणे तेथे गुन्हा आहे, आणि दंड ४,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. माथेरानच्या वाटेवर असा दंड कोणी मागणार नाही. तेथेही मूठ मिटलेलीच ठेवावी, एवढी विनंती.