‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात तेलाच्या डब्यावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु त्या डब्यावरील मजकूर हाही भाषाव्यवहारच आहे. आणि आज आपल्या वाचनात ग्रंथांपेक्षा वेष्टनेच अधिक येतात, हे खेदाने मान्य करावे लागते.

‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शब्द घ्या. ‘मुक्त’ म्हणताच आधीचे बंधन गृहीत धरले जाते; ऋणमुक्त तोच, जो पूर्वी ऋणी होता. कोलेस्टेरॉल हा मात्र प्राणिज पदार्थांचा घटक. करडई, सूर्यफूल किंवा आम्हां बडोदेकरांचे सिंगतेल यांत तो मुळातच नगण्य असतो. तरीही ज्या डब्यावर हा शब्द नाही, तो ग्राहकाला दूषित वाटतो आणि शेजारच्या डब्यासाठी तो चार पैसे अधिक मोजतो. वाच्यार्थ निर्दोष, व्यंग्यार्थ फसवा! कायद्याला वाच्यार्थ तपासणे सोपे; खरेदी मात्र व्यंग्यार्थावर होते.

वनस्पती तुपाची कथा याहून बोलकी आहे. तेही वनस्पतिजन्य, म्हणून त्यातही कोलेस्टेरॉल नाही. परंतु पातळ तेल हायड्रोजनच्या साहाय्याने अंशतः घट्ट करताना ट्रान्स फॅट निर्माण होते आणि ते रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवते, हितकारक घटवते. जे डब्यात नाही, ते डबा शरीरात वाढवतो. तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून आली. (साजूक तुपाची वकिली मी करीत नाही, तेही बेतानेच खावे.)

उलट दिशेचा प्रयोग चिली देशाने जून २०१६ मध्ये केला. साखर, मीठ अधिक असलेल्या पदार्थांवर काळा अष्टकोनी इशारा छापणे तेथे सक्तीचे झाले. नंतरच्या पाहणीत गोड पेयांची घरगुती खरेदी सुमारे एक चतुर्थांशाने घटलेली आढळली. त्याच कायद्याने मुलांसाठीच्या जाहिराती आणि शाळांतील विक्री यांवरही निर्बंध घातले होते, म्हणून सारे श्रेय त्या अष्टकोनाचे नव्हे. पण तो वाचायला चष्मा लागत नाही की हिशेब. आपल्याकडील पाठीमागच्या बारीक तक्त्याला दोन्ही लागतात: आकडे १०० ग्रॅमचे, पुडा ३० ग्रॅमचा. शिवाय मजकूर इंग्रजीत अथवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याला पुरते.

म्हणून शाळेला माझी एक सूचना आहे. आठवीच्या मराठीच्या एका तासाला बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन वाचायला घ्यावे. त्यावरील प्रत्येक विशेषण मुलांनी तपासावे आणि पुड्यात साखर किती, तेही काढावे. गणिताचे शिक्षक सोबत बसले तर उत्तमच.